हवेची साक्ष

बाजारांत धान्य घ्यावयास गेलेला जुना, जाणता माणूस भावाची घासाघीस करण्यापूर्वीं एक गोष्ट न चुकतां करीत असे. तो दुकानदाराला म्हणे, "शेठजी, आधीं तराजू रिकामा धरा." दोन्ही पारडीं मोकळीं असतां दांडी समतोल राहिली, तरच तो पोत्याचें तोंड सोडूं देई. एक पारडें खालीं झुकलें, तर दुसऱ्यांत एखादा खडा किंवा एखादें झिजलेलें नाणें टाकून समतोल साधण्यांत येई. त्या खड्याला पासंग म्हणतात. एखाद्याची योग्यता फार थोडी आहे असें सांगावयाचें झालें, तर तो दुसऱ्याच्या पासंगालाहि पुरणार नाहीं, असें म्हणण्याची मराठींत रीत आहे. भाषेनें पासंगाला असें क्षुद्र ठरविलें खरें. परंतु त्या दिवसाचा सारा सौदा त्या क्षुद्र खड्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असतो, हें गिऱ्हाइकालाहि ठाऊक असतें आणि दुकानदारालाहि.

आजच्या भाषणाचा विषय असाच एक रिकामा तराजू आहे. तो धान्याचा नसून विजेच्या सूक्ष्म लहरींचा आहे, आणि त्याच्या पारड्यांत प्रथम जी वस्तु घालावयाची, ती म्हणजे केवळ हवा. जिचें मोल कोणी विचारीत नाहीं अशी ही हवा प्रयोगशाळेंत साक्षीदार म्हणून कशी उभी राहते, आणि तिची साक्ष घेतली नाहीं तर कोणाचें काय बिघडतें, हें श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे.

बीडहून निघून मांजरसुंब्याचा घाट चढला, कीं बालाघाटाचें पठार लागतें. तेथून धाराशिवकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर चौसाळा हें गांव आहे. सखल भागांत काळी जमीन, चढाला मुरूम, आणि डोंगरउतारावर बीड जिल्ह्याची कीर्ति वाढविणारीं सीताफळाचीं झाडें, असा हा मुलूख. सह्याद्रीनें पावसाळी वाऱ्यांतील बरेंचसें पाणी आधींच काढून घेतल्यामुळें येथें पाऊस बेताचा आणि तोहि लहरी. १९७२ सालचा दुष्काळ या भागांतील वृद्धांच्या आठवणींतून गेलेला नाहीं. २०१२ व २०१५ सालचे दुष्काळ तर तरुणांनींहि पाहिले. २०१६ च्या उन्हाळ्यांत शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा प्रदेशांत जमिनींत किती ओल शिल्लक आहे, हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा राहत नाहीं. पेरणी कधीं करावी, पाण्याची पाळी केव्हां द्यावी आणि पीक धरेल कीं जाईल, हें सारें त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतें.

शेतकरी हा प्रश्न आपल्या हातानें सोडवितो. तो वीतभर खोलीवरची माती उकरून मुठींत दाबतो. गोळा बांधला जातो, कीं बोटांतून भुगा होऊन गळतो, तें पाहतो. ही परीक्षा पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवानें पारखलेली आहे, आणि तिला हसणारा मनुष्य शेतीहि जाणत नाहीं व शास्त्रहि जाणत नाहीं. परंतु एका मुठीनें एका वावराची ओल कळते. एका जिल्ह्याची कळत नाहीं. त्यासाठीं अलीकडे आकाशांतून पाहण्याची योजना झाली आहे. युरोपीय अंतराळ संस्थेनें नोव्हेंबर २००९ मध्यें 'स्मॉस' नांवाचा उपग्रह सोडला. अमेरिकेच्या 'नासा'नें जानेवारी २०१५ मध्यें 'स्मॅप' सोडला. आणि जुलै २०२५ मध्यें नासा व भारताची 'इस्रो' या दोन्ही संस्थांनीं मिळून सिद्ध केलेला 'निसार' हा उपग्रह श्रीहरिकोटा येथून आकाशांत गेला. या उपग्रहांना ढग आड येत नाहींत. ते विजेच्या सूक्ष्म लहरींनीं, म्हणजे मायक्रोवेव्हनें, जमीन पाहतात, आणि ओल्या व कोरड्या मातींतील भेद त्यांस जाणवतो.

तो भेद कसा जाणवतो, हें समजण्यासाठीं पदार्थांच्या एका गुणाची ओळख करून घेणें अवश्य आहे. धातूचे दोन पत्रे थोड्या अंतरावर समोरासमोर ठेवून त्यांवर विजेचा दाब लावला, तर त्यांच्यांत कांहीं वीज सांठते. मायकेल फॅरडे यानें १८३७ मध्यें दाखवून दिलें, कीं पत्र्यांच्या मधल्या जागेंत कांच, गंधक किंवा लाख घातली, तर त्याच दाबानें अधिक वीज सांठते. रिकाम्या जागेच्या मानानें ती किती पट वाढते, तो आंकडा म्हणजे त्या पदार्थाचा विद्युत्-अपारक स्थिरांक. यालाच पदार्थविज्ञानांत पर्मिटिव्हिटी असेंहि म्हणतात; पुढें सोईसाठीं नुसता 'स्थिरांक' असाच त्याचा उल्लेख केला आहे. निर्वात पोकळीचा स्थिरांक बरोबर १. मेणाचा दोनाहून किंचित् अधिक, कांचेचा बहुधा पांच ते सात. कोरड्या मातीचा साधारणतः तीन ते चार. पाण्याचा मात्र सुमारे ८०. मातींत थोडें पाणी मिसळलें, तरी तिचा स्थिरांक झपाट्यानें वर चढतो, आणि उपग्रहाला जी खूण सांपडते ती हीच.

परंतु येथें एक दुवा अजून जोडावयाचा राहतो. उपग्रहाला कळतो तो विजेचा गुण. शेतकऱ्याला पाहिजे ती ओल. एकावरून दुसरी काढण्यासाठीं कोष्टक लागतें, आणि हें कोष्टक प्रयोगशाळेंत प्रत्यक्ष माती मोजूनच तयार करावें लागतें. १९८० मध्यें टॉप व त्याच्या सहकाऱ्यांनीं कॅनडांत असें एक सूत्र बसविलें, आणि तें जगभर वापरांत आलें. तें मुख्यतः एक गिगाहर्ट्झपर्यंतच्या लहरींसाठीं आहे. लहरी त्याहून सूक्ष्म झाल्या, कीं पाण्याचा स्थिरांक उतरतो, आणि कोष्टकहि निराळें करावें लागतें. शिवाय सर्व माती सारखी नसते. दख्खनच्या काळ्या मातींत बारीक चिकणकण पुष्कळ असतात. पाण्याचा कांहीं भाग त्या कणांना इतका घट्ट चिकटून बसतो, कीं त्याचा विजेपुढील स्वभाव मोकळ्या पाण्यासारखा राहत नाहीं. म्हणून परक्या मुलखांतील मातीचें कोष्टक बालाघाटाच्या काळ्या मातीला जसेंच्या तसें लावतां येत नाहीं. येथील माती येथेंच मोजली पाहिजे.

मराठवाड्यांत या विषयाच्या अभ्यासाची परंपरा आहे. १९५८ मध्यें स्थापन झालेलें, छत्रपति संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, आणि १९९४ मध्यें स्थापन झालेलें, नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, या दोन्ही ठिकाणच्या पदार्थविज्ञानशाळांतून द्रवपदार्थांचे स्थिरांक सूक्ष्म लहरींच्या साहाय्यानें मोजण्याचें काम झालेलें आहे. तेथील एका पद्धतींत विजेचा अत्यंत अल्पकाळ टिकणारा ठोका नळीवाटे द्रवाकडे पाठवितात आणि परत आलेला ठोका नोंदून घेतात. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी, कीं त्या पद्धतींत पात्र रिकामें असतांनाचा ठोका आधीं नोंदल्यावांचून पुढचें गणितच चालत नाहीं. रिकामें पात्र म्हणजे हवेनें भरलेलें पात्र. हवेची साक्ष तेथें पद्धतीच्या पायांतच घातलेली आहे.

आतां एक साधा प्रसंग कल्पनेनें उभा करावा. चौसाळ्याच्या शिवारांतील मूठभर काळी माती घेऊन एक विद्यार्थी आपल्या महाविद्यालयांत आला आहे. त्याच्यापुढें टेबलावर पितळी चौकोनी नळ्यांची एक रांग जोडलेली आहे. रांगेच्या एका टोकाला क्लायस्ट्रॉन नांवाचा दिवा सूक्ष्म लहरी निर्माण करतो. त्यापुढें लहरींना उलट फिरूं न देणारा अडसर, त्यांचा जोर कमी-अधिक करणारा भाग, कंपनसंख्या दाखविणारा मापक आणि शेवटीं वरच्या अंगास लांब खांच असलेली एक नळी. या खांचेंतून एक बारीक सुई आंत सोडलेली असते आणि ती मोजपट्टीवरून पुढें-मागें सरकवितां येते. रांगेचें दुसरें टोक धातूच्या पत्र्यानें बंद केलेलें असतें. त्या पत्र्यावर आपटून लहरी परत फिरतात. येणाऱ्या व जाणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून नळींत स्थिर लहर उभी राहते. सुई सरकवीत गेलें, कीं कोठें जोर अधिक, कोठें जवळजवळ शून्य, असें आढळतें. शून्याच्या लगतच्या दोन जागांतील अंतर म्हणजे नळींतील लहरलांबीचा अर्धा भाग. बंद टोकाशीं माती भरली, कीं या शून्याच्या जागा सरकतात. किती सरकल्या, यावरून मातीचा स्थिरांक गणितानें निघतो. अमेरिकेंतील रॉबर्ट्स व फॉन हिपेल या दोघांनीं १९४६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या रीतीचाच हा एक अवतार होय.

विद्यार्थी उतावीळ आहे. त्याला माती भरावयाची घाई झाली आहे. परंतु अध्यापक म्हणतात, "थांब. आज माती नको. आज नुसती हवा मोज."

"सर, हवेचें उत्तर तर पुस्तकांतच दिलेलें आहे. तें मोजून काय मिळणार?"

"उत्तर ठाऊक आहे म्हणूनच मोजावयाचें. ज्याचें उत्तर ठाऊक नाहीं, तें मोजून यंत्र खरें बोलतें कीं खोटें, हें तुला कसें कळणार?"

अध्यापकांच्या या एका वाक्यांत सर्व मापनशास्त्राचा निष्कर्ष आलेला आहे. मातीचा स्थिरांक ११ आला, कीं विद्यार्थी ११ लिहून घेईल. १२ आला असता, तर तितक्याच निःशंक मनानें त्यानें १२ लिहिला असता. माती त्याला खोटें पाडूं शकत नाहीं. हवा पाडूं शकते.

हवेची परीक्षा घेण्याचें गणित कठीण नाहीं. या नळीची आंतील रुंदी २२.८६ मिलिमीटर असते. तिच्या दुपटीहून, म्हणजे ४५.७२ मिलिमीटरांहून, अधिक लांबीची लहर या नळींतून जाऊंच शकत नाहीं; ही त्या नळीची मर्यादालांबी. समजा, मापकाप्रमाणें कंपनसंख्या ९.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास ९४० कोटी आहे. प्रकाशाच्या वेगास या संख्येनें भागलें, कीं मोकळ्या अवकाशांतील लहरलांबी ३१.८९ मिलिमीटर येते. या लांबीस प्रथम मर्यादालांबीनें भागून वर्ग करावा. नंतर तिलाच नळींत प्रत्यक्ष मोजलेल्या लहरलांबीनें भागून वर्ग करावा. आणि दोन्ही वर्गांची बेरीज घ्यावी. ही बेरीज म्हणजेच नळींत भरलेल्या पदार्थाचा स्थिरांक. पहिला वर्ग ०.४८६६ इतका आहे. म्हणून नळींत हवा असेल, तर दुसरा ०.५१३४ आला पाहिजे. त्यासाठीं शून्याच्या दोन जागांतील अंतर २२.२६ मिलिमीटर, आणि अशा तीन अंतरांची बेरीज ६६.८ मिलिमीटर भरली पाहिजे.

विद्यार्थी मोजतो. तीन अंतरें मिळून ६५.५ मिलिमीटर भरतात. गणित केल्यावर हवेचा स्थिरांक येतो १.०२.

येथें शहाण्या माणसालाहि मोह पडतो. दोन टक्के म्हणजे असें कितीसें मोठें? विद्यार्थी तेंच विचारतो: "सर, दोन टक्क्यांनीं काय बिघडणार आहे? शेवटीं सगळ्या उत्तरांना १.०२ नें भागून टाकूं." अर्थात् पारड्यांत एक खडा टाकूं आणि पुढें चालूं.

अध्यापक त्याला दोन प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न असा, कीं हे दोन टक्के मातीपर्यंत पोंचले म्हणजे त्यांचें काय होतें? टॉपच्या सूत्राचा उदाहरणादाखल आधार घेतला, तर ज्या मातीचा स्थिरांक १० आहे, तिच्यांत घनफळानें सुमारे १८.८ टक्के पाणी असतें. स्थिरांक १० ऐवजीं १०.२ वाचला गेला, तर तेंच पाणी १९.२ टक्के आहे असें भासेल. फरक चार दशांश टक्क्याचा. परंतु वरच्या ३० सेंटिमीटर थरापुरता हा फरक पाण्याच्या एक मिलिमीटराहून थोड्या अधिक थराइतका होतो, आणि एका हेक्टरावर पसरल्यास तो सुमारे साडेअकरा हजार लिटरांचा भरतो. ज्या जिल्ह्यांत उन्हाळ्यांत पिण्याचें पाणी टँकरनें मोजलें जातें, तेथें दहा हजार लिटरांचा टँकर म्हणजे काय, हें कोणाला समजावून सांगावें लागत नाहीं. विद्यार्थ्याच्या दोन टक्क्यांनीं प्रत्येक हेक्टरामागें एक भरलेला टँकर कागदावर उभा केला. शेतांत मात्र तो नाहीं. हजार हेक्टरांच्या शिवारावर तीच चूक एक कोटी लिटरांच्या वर जाते. आणि कोष्टक एकदां छापलें गेलें, म्हणजे त्यांतील चूक पुढें कोणाच्याच डोळ्यांस दिसत नाहीं. जमीन ओली आहे असें कोष्टक सांगतें, आणि पीक मात्र वाळतें.

दुसरा प्रश्न याहून मार्मिक आहे. चूक कोठें आहे हें कळल्यावांचून घातलेला पासंग खरा कीं खोटा, हें कोण सांगणार? म्हणून दोघेहि कारण शोधूं लागतात. मोजपट्टीवर एक दशांश मिलिमीटरापर्यंत वाचतां येतें. येथें तर फरक १३ दशांशांचा आहे, म्हणजे दोष केवळ डोळ्यांचा नव्हे. सुई फार खोल गेली असेल, तर ती स्वतःच लहरींत अडथळा करून शून्याच्या जागा हलविते. सुई वर घेऊन पुन्हां मोजलें, अंतर तेंच आलें. नळ्यांचे सांधे तपासले, ते घट्ट आहेत. दिवा पुरेसा तापून स्थिर झालेला आहे. उरतो तो कंपनसंख्या दाखविणारा मापक. दुसरा, खात्रीचा मापक आणून ताडून पाहिल्यावर उलगडा होतो: पहिल्या मापकाची चकती आपल्या जागेवरून किंचित् सरकलेली आहे, आणि ती ९.४ दाखवीत असतां खरी कंपनसंख्या ९.४९ आहे. एक टक्का चूक. तिचा वर्ग झाल्यामुळें दोन टक्के. खरा आंकडा घालतांच हवेचा स्थिरांक १.०० येतो.

या प्रसंगांत एक सूक्ष्म सापळा आहे, आणि पुष्कळ जण त्यांत सांपडतात. विद्यार्थ्यानें कंपनसंख्या मापकावर न वाचतां नळींतील लहरलांबीवरूनच काढली असती, तर? तसें करतां येतें, आणि पुष्कळदां सोय म्हणून केलेंहि जातें. परंतु ती काढतांना नळींतील हवेचा स्थिरांक १ आहे असें आधींच धरलेलें असतें. मग त्याच कंपनसंख्येवरून हवेचा स्थिरांक काढला, तर तो १ येणारच. यंत्र कितीहि बिघडलेलें असलें तरी येणार. ती परीक्षा नव्हे. आरोपीनें आपल्याच बाजूनें दिलेली साक्ष होय. परीक्षा खरी ठरावयाची, तर कंपनसंख्या व लहरलांबी या दोन गोष्टी दोन स्वतंत्र वाटांनीं कळल्या पाहिजेत, आणि त्या दोन वाटा एकाच ठिकाणीं येऊन मिळाल्या पाहिजेत.

हवेचा स्थिरांक अगदीं बरोबर १ नाहीं, ही गोष्ट जाणकार श्रोत्यांच्या मनांत एव्हांना आलीच असेल. तो आंकडा काढण्याचा इतिहास मोठा मनोरम आहे. प्रकाश ही विजेचीच लहर आहे, असा सिद्धान्त मॅक्सवेल यानें १८६५ मध्यें मांडला. तो खरा असेल, तर कोणत्याहि वायूच्या स्थिरांकाचें वर्गमूळ त्याच्या वक्रीभवनांकाएवढें आलें पाहिजे. ऑस्ट्रियाचा लुडविग बोल्ट्झमन यानें १८७४ च्या सुमारास ही परीक्षा घेतली. त्याला हवेचा स्थिरांक १.०००५९० असा मिळाला. त्याचें वर्गमूळ १.०००२९५, आणि हवेंतून जातांना प्रकाश किती वांकतो, यावरून काढलेला वक्रीभवनांक १.०००२९४. धातूचे पत्रे, विजेचा दाब आणि कमालीचा संयम एवढ्या साधनांनीं मोजलेल्या एका आंकड्यानें प्रकाशाच्या एका महान् सिद्धान्तास पुष्टि दिली. पुढें १८९५ मध्यें कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं कांहीं मिलिमीटर लांबीच्या विद्युल्लहरी निर्माण करून दाखविल्या आणि त्यांना पोकळ नळ्यांतून नेलें. विद्यार्थ्याच्या टेबलावरील पितळी नळीची वंशावळ तेथपर्यंत मागें जाते.

हवेचा हा आंकडा ऋतूप्रमाणें थोडा हलतोहि. १९५३ मध्यें स्मिथ व वाइनट्रॉब यांनीं दिलेल्या सूत्राप्रमाणें हिशेब केला, तर बालाघाटासारख्या पठारावर वैशाखांतील कोरड्या, तापलेल्या दुपारीं हवेचा स्थिरांक सुमारे १.०००५ येतो, आणि श्रावणांतील दमट दिवशीं सुमारे १.०००७. हवेंतील बाष्पामुळें हा फरक पडतो. म्हणजे मातीप्रमाणें हवेचीहि ओल या आंकड्यांत उमटते. विद्यार्थ्याच्या यंत्रावर मात्र हा फरक दिसणार नाहीं, आणि दिसला तर त्यावर विश्वास ठेवूं नये. मोजपट्टीवर एका अंतरांत एक दशांश मिलिमीटराची चूक झाली, तर स्थिरांकांत सुमारे पांच सहस्रांशांचा फरक पडतो. तीन अंतरें एकत्र मोजलीं, तर तो एकतृतीयांशावर येतो. हवा आणि पोकळी यांतील भेद याहून लहान आहे. म्हणून या यंत्रावर १.०० हें उत्तर प्रामाणिक, १.०००६ असें लिहिणें म्हणजे सोनाराच्या कांट्यावर जितकें वाचतां येतें, तितकें लाकडाच्या वखारींतील कांट्यावर वाचल्याचा आव आणणें. यंत्र किती खरें सांगतें हें जाणणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच तें कोठें गप्प राहतें हें जाणणेंहि महत्त्वाचें. तोच सूक्ष्म आंकडा दुसऱ्या ठिकाणीं मात्र मोठा होतो: उपग्रहांच्या साहाय्यानें स्थान ठरवितांना, समुद्रसपाटीवर थेट डोक्यावरून येणारा संदेशहि हवेमुळें सुमारे सव्वादोन मीटर जास्त अंतर चालून आल्यासारखा भासतो, आणि ती वजावट न केल्यास नकाशा चुकतो.

हवेच्या साक्षीनें सारें सिद्ध झालें काय? नाहीं, आणि येथें पुन्हां तराजूचीच आठवण होते. ज्या तराजूच्या दांडीचे दोन्ही हात सारख्या लांबीचे नाहींत, तो पासंग घालून रिकामा समतोल करतां येतो. परंतु माल घातल्यावर तो खोटेंच वजन दाखवितो. चलाख दुकानदाराची ही युक्ति जुन्या गिऱ्हाइकाला ठाऊक असे, म्हणून तो रिकामा तराजू पाहून थांबत नसे. माल व वजनें यांचीं पारडीं अदलाबदल करून पुन्हां तोलावयास लावी. प्रयोगशाळेंतहि तसेंच करावें लागतें. हवेनंतर ज्याचा स्थिरांक ठाऊक आहे असा एखादा घन पदार्थ घ्यावयाचा. टेफ्लॉन बहुधा घेतात, त्याचा स्थिरांक २.१ च्या आसपास असतो. त्याचा तुकडा नळींत घट्ट बसवून मोजावयाचा, मग उलटा फिरवून पुन्हां मोजावयाचा. तुकडा व नळीची भिंत यांमध्यें केसाएवढी फट राहिली, तरी उत्तर खालीं येतें. हा दोष हवेच्या परीक्षेंत कधींच दिसला नसता, कारण हवेला फट कसली? शिवाय मातीच्या गणितांत एकाच मोजमापाला अनेक उत्तरें संभवतात, आणि त्यांतलें खरें कोणतें हें ठरविण्यासाठीं तीच माती निराळ्या लांबीनें भरून पुन्हां मोजावी लागते. दोन्ही वेळां जें उत्तर समान येतें, तेंच ग्राह्य.

शेवटचा साक्षीदार तर अगदींच साधा आहे. नळींत भरलेली माती काढून तोलतात, १०५ अंशांवर भट्टींत सुमारे एक दिवस वाळवितात आणि पुन्हां तोलतात. जें वजन घटलें तें पाणी. म्हणजे ज्या लहरींनीं उपग्रह सारी पृथ्वी पाहतो, त्यांचें कोष्टक अखेर एका तराजूपाशीं येऊन टेकतें. आणि तो तराजूहि प्रथम रिकामा धरून पाहिलेला असला पाहिजे.

त्या दिवशीं विद्यार्थ्यानें माती मोजलीच नाहीं. संध्याकाळीं वहींत त्यानें काय लिहिलें असेल? कंपनसंख्येचा मापक सदोष आढळला. दुरुस्तीनंतर हवेचा स्थिरांक १.००, उद्यां टेफ्लॉन, परवां माती. बाहेरून पाहणाऱ्यास दिवस फुकट गेलासें वाटेल. परंतु त्याच्या पुढच्या सर्व आंकड्यांना जी किंमत येईल, ती या रिकाम्या दिवसामुळें. चौसाळ्याच्या ज्या शेतकऱ्याच्या वावरांतून ती माती आली, त्याला स्थिरांक हा शब्दहि कदाचित् ठाऊक नसेल. पण बाजारांत तराजू प्रथम रिकामा धरावयास लावण्याचा त्याचा हक्क जुना आहे. त्याच्या मातीविषयीं जो कोणी बोलेल, त्यानें तो हक्क प्रयोगशाळेंतहि पाळला पाहिजे.

हवा फुकट मिळते, सर्वत्र मिळते, आणि कोणाचा पक्ष घेत नाहीं. इतका स्वस्त व इतका निःपक्षपाती साक्षीदार दाराशीं उभा असतां त्याला न विचारतांच निकाल लिहिणें, ही आळसाचीच गोष्ट म्हणावी लागेल. म्हणून मापाचें साधन हातीं घेणाऱ्यानें, मग तें किराण्याच्या दुकानांतील असो, दवाखान्यांतील असो कीं विद्यापीठांतील असो, आधीं तें रिकामें धरून पाहावें. रिकाम्या पारड्यानें खरें सांगितलें, तरच भरलेल्या पारड्याचें ऐकावें.